पवनचक्की मोडू नका, भरून घ्या



पंपाची मोटार जळाली तर आपण ती उकिरड्यावर टाकत नाही, तालुक्याहून भरून आणतो. मग घरी बनवलेल्या पवनचक्कीलाच वेगळा न्याय का?

१२ व्होल्टची चक्की असते, पुढे २४ व्होल्टचा इन्व्हर्टर येतो. मग सल्ला ठरलेला: जुनी भंगारात घाला. सल्ला देणारा बहुधा नवी विकणाराच असतो. आमचे म्हणणे, पाती, चुंबके, खांब यांना हात लावू नका. कॉईल बदला.

हिशेब सोपा आहे. चुंबक कॉईलवरून गेले की प्रत्येक वेढ्यात थोडी वीज उठते. व्होल्ट दुप्पट हवेत तर वेढे दुप्पट. ४० चे ८०. जागा तेवढीच, म्हणून तारेचा छेद निम्मा. तांबे वाढत नाही. स्कॉटलंडमधील स्कोरेगच्या ह्यू पिगॉट यांच्या घरगुती चक्कीच्या आराखड्यांतही चक्की तीच, व्होल्टप्रमाणे वेढे आणि तार तेवढी वेगळी. कॉईल राळेत ओतलेल्या असतील तर मात्र त्या उकलत नाहीत, चकतीच नवी ओतावी लागते. पण आधी जोडणी पाहा. कॉईल समांतर जोडलेल्या असून टोके बाहेर असतील, तर एकामागे एक जोडून काम फुकटात होईल.

काहीच न बदलता २४ च्या बॅटरीला जोडायचा शहाणपणा आम्ही करून पाहिला. चक्की गरगर फिरली, बॅटरी कोरडीच. चार्जिंग सुरू व्हायला दुप्पट वेग लागतो, तेवढा वारा रोज कुठला?

या चक्कीवर तीन एचपीची मोटार चालेल, असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्या. दिवे, मोबाईल, रानडुकरांसाठी झटका मशीन, एवढेच तिचे काम. पण आषाढात आभाळ भरते, सोलर पाटी सुस्तावते, तेव्हाच वारा जोरात असतो.

२४० वॅटला १२ व्होल्टवर २० अँपिअर लागतात, २४ वर १०. त्याच तारेतली नासाडी चौथाईवर येते. खांब लांबच्या बांधावर असेल तर हा फायदा मोठा.

झटका मशीन १२ व्होल्टचे असेल तर दोन बॅटऱ्यांपैकी एकीवर जोडू नका. ती उपाशी मरेल, दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होईल. कन्व्हर्टर लावा. चार्ज कंट्रोलर आणि जादा वीज जिरवणारा हीटरही २४ चाच हवा. वारा चालू असताना बॅटरी सोडवू नका, चक्की पिसाट सुटते. आधी तिच्या तिन्ही तारा एकत्र जोडून तिला थांबवा.

जुनी चकती मात्र जपा. मोटार भरणाऱ्याकडे मापाला तीच न्यायची आहे.