दोन डॉलरची खोली

मैत्रिणींनो, ॲना हॉवर्ड शॉ हे नाव आपल्यापैकी थोड्याच जणींनी ऐकलं असेल. १९०४ ते १९१५ या काळात ती अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्त्री-मताधिकार संघटनेची अध्यक्ष होती. त्याआधी ती मेथडिस्ट पंथाची धर्मोपदेशक होती. मला तेच दिवस जास्त सांगावेसे वाटतात.

जन्म १८४७ चा, इंग्लंडमधला. कुटुंब अमेरिकेत आलं. ॲना बारा वर्षांची असताना वडिलांनी मिशिगनच्या जंगलात जमीन घेतली, बायकोमुलांना तिथल्या अर्धवट लाकडी घरात पाठवलं आणि स्वतः मागे राहिले. जंगलातलं ते घर मुलांनीच उभं केलं. पुढे मुलगी प्रवचनं करू लागली तेव्हा मात्र घराण्याची अब्रू आठवली! प्रवचन सोड, कॉलेजचा खर्च करतो, असा घरच्यांचा सौदा होता. तिनं तो नाकारला.

१८७६ साली ती बोस्टन विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला गेली. वर्गात एकटी बाई. मुलग्यांना वसतिगृहात खोली फुकट, जेवण स्वस्तात. वसतिगृह बाईसाठी नव्हतंच. तिला खोलीभाड्याला आठवड्याचे दोन डॉलर. मग पोटमाळ्यावरची गारठलेली खोली, आणि जेवण म्हणून दूध-बिस्किटं. प्रवेश कुणीच नाकारला नव्हता, हे लक्षात घ्या. आम्हा समाजकार्य शिकलेल्यांना केसपेपरवर ‘घरच्यांचा विरोध’ लिहून मोकळं व्हायची सवय असते. भाडं कोण भरतं, दुपारी काय खाल्लं, हे विचारायचं राहून जातं.

एकदा भुकेनं जिना चढवेना, म्हणून ती पायरीवरच बसली. मेथडिस्ट स्त्रियांच्या परदेशी मिशन सोसायटीतल्या एका बाईंनी तिला पाहिलं. (इझाबेला थोबर्नला लखनौला पाठवणारी संस्था ती हीच.) त्यांनी आठवड्याला साडेतीन डॉलरची सोय करून दिली. पैसे देणारीनं नाव कळू दिलं नाही. ‘जिद्दी बाई’ म्हणून आपण चरित्रं सांगतो तेव्हा ही बाई गोष्टीतून गळते, याचा मला राग येतो.

१८७८ साली ती पदवीधर झाली, केप कॉडवरच्या ईस्ट डेनिस गावचं चर्च सांभाळू लागली. प्रवचन चालेल, पण बाप्तिस्मा देता येणार नाही. त्यासाठी दीक्षा हवी. १८८० मध्ये तिनं आणि ॲना ऑलिव्हरनं ती मागितली. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चनं दीक्षा तर नाकारलीच, वर स्त्रियांचे प्रवचनाचे परवानेही काढून घेतले. त्याच वर्षी मेथडिस्ट प्रॉटेस्टंट या वेगळ्या शाखेनं तिला दीक्षा दिली. १८८४ साली त्यांच्याच सर्वसाधारण परिषदेनं ती नियमबाह्य ठरवली! ॲनानं काम सोडलं नाही. वर १८८६ मध्ये डॉक्टरही झाली. मेथडिस्ट चर्चनं स्त्रियांना धर्मगुरूचे पूर्ण हक्क दिले ते १९५६ साली.

तिला देवी करायचं कारण नाही. काळ्या पुरुषांना आपल्या आधी मत मिळालं, हा गोऱ्या स्त्रियांचा अपमान आहे, असं ती दक्षिणेतल्या सभेत बोलली आहे. दोन डॉलरचा अन्याय सोसलेल्या बाईनं हे बोलावं, हे मला अजून पचत नाही.

जून १९१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं मताधिकाराची दुरुस्ती मंजूर केली. २ जुलैला ॲना गेली. राज्यांची मान्यता पुरी व्हायला १९२० चा ऑगस्ट उजाडला.