शीव एक, रेघा दोन

नाशिक जिल्ह्याचे १५ तालुके क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पॉलिगॉन म्हणून उघडले, की दिंडोरी आणि निफाडमधली हद्द दोनदा काढली जाते: एकदा दिंडोरीची कड म्हणून, एकदा निफाडची. रेघ काळी आणि अखंड असेल तर ते लक्षातही येत नाही. तुटक रेघ निवडली, की दोन्ही कडांचे तुकडे वेगवेगळ्या बिंदूंपासून सुरू होतात, एकीच्या फटी दुसरी भरते आणि आतल्या हद्दी अखंड दिसू लागतात. जिल्ह्याची बाहेरची कड मात्र तुटकच राहते. तालुकागणिक कडेचा रंग बदलला, तर जो पॉलिगॉन नंतर रेखाटला जातो त्याचा रंग वर बसतो.

यावर नकाशाकारांचा जुना तोडगा म्हणजे हद्दींची वेगळी लाइन लेयर. त्यामागे ठोस कारण आहे. सुरगाण्याची गुजरातकडची कड एकाच वेळी तालुक्याची, जिल्ह्याची आणि राज्याची हद्द आहे. कळवणकडची केवळ तालुक्याची. पॉलिगॉनच्या कडेला सगळीकडून एकच चिन्ह मिळते, त्यामुळे हा दर्जा दाखवता येत नाही. रेघेच्या प्रत्येक तुकड्याला मात्र आपल्या डावी-उजवीकडे कोण आहे हे सांगता येते.

दुसरीकडे, दोन फायली म्हणजे दोन ठिकाणी दुरुस्ती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. वाडा आणि शहापूरमधली शीव जमिनीवर जागची हलली नाही, पण तालुक्याची होती ती जिल्ह्याची झाली. पॉलिगॉनवाल्याला वाड्यापुढचे जिल्ह्याचे नाव बदलून भागते. हाताने रेघा काढलेल्याला तो तुकडा आठवणीने शोधावा लागतो, आणि कार्यालयांत अशा आठवणीचा भरवसा कोणी देऊ नये.

तिसरी वाट जुन्या ॲटलासांची: प्रत्येक प्रदेशाच्या आतल्या बाजूने त्याच्या रंगाची पट्टी. क्यूजीआयएसमध्ये रेघ फक्त पॉलिगॉनच्या आत काढण्याची सोय आहेच. ती प्रभागांच्या नकाशाला उपयोगी पडते. नाशिक महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत ३१ प्रभाग होते. अशा नकाशात दोन प्रभागांमधल्या रस्त्यावर एकाचाच रंग चढला, तर रस्ता त्याचाच वाटतो. पट्टीमुळे दोघांनाही आपापली बाजू मिळते. तथापि लहान प्रभागात पट्टीच नावाची जागा खाते.

आमचा कल लाइन लेयरकडे आहे, पण एका अटीवर: ती हाताने न काढता दरवेळी पॉलिगॉनमधूनच तयार व्हावी. म्हणजे पालघरसारखा बदल एकाच ठिकाणी करावा लागेल. अट स्वस्त नाही. शेजारचे तालुके वेगवेगळ्या वेळी डिजिटाइझ झाले असतील, तर त्यांच्या कडा तंतोतंत जुळत नाहीत आणि एका हद्दीच्या जागी दोन जवळजवळच्या रेघा हाती येतात. आधी टोपोलॉजी साफ करावी लागते. ग्रास हे सॉफ्टवेअर किंवा टोपोजेसन हा फाइलचा प्रकार वापरला, तर सामाईक हद्द एकदाच साठवली जाते, पण ती पद्धत शिकायला वेळ लागतो. एकच ऑपरेटर असलेल्या कार्यालयाने टेबलावरच्या नकाशासाठी बारीक, अखंड, करड्या रेघेवर काम भागवले, तर त्याला दोष देता येणार नाही.

प्रभागांच्या नकाशात मात्र दर्जाचा प्रश्न नसतो, सगळे प्रभाग सारखेच. तिथे पट्टीच बरी. जुन्या नाशकातल्या दाटीचा भाग मोठ्या मापात शेजारी वेगळा छापावा.