घ्राणशक्तीचे ऋण

भोसरी एमआयडीसीत रात्रपाळी सुरू झाली की कारखान्याच्या फाटकाशी, पहारेकऱ्याच्या सोबतीला, एखादा कुत्रा हमखास बसलेला दिसतो. परक्याची चाहूल माणसाआधी त्याला लागते. सकाळी मालाची गाडी आली की त्यालाच आपण हाकलतो. अशा वेळी ‘झंजीर’चे स्मरण होते.

झंजीर हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील लॅब्रेडॉर. त्याचे शिक्षण आपल्या पुण्यात, शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले. १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली. झवेरी बाजारही त्यातून सुटला नाही. काही दिवसांतच धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या स्कूटरमधील स्फोटके झंजीरने हुंगून ओळखली. ती गजबजलेली व्यापारी पेठ बचावली. पुढे ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधल्याची नोंद त्याच्या नावावर झाली. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानपूर्वक निरोप दिला.

अशा श्वानाला ना स्फोट ठाऊक, ना शत्रू. शिकविलेला गंध सापडला की खूण करायची आणि सांभाळणाऱ्याची शाबासकी मिळवायची, एवढेच तो जाणतो. त्या शाबासकीसाठी तो मृत्यूच्या अगदी जवळ नाक नेतो.

जीवदयेत देणारे आपणच, असे आपल्याला वाटते. जमा-नावे नीट मांडले तर देणे आपल्याकडेच निघते. आज फाटकाशी पाण्याचे भांडे आणि दोन पोळ्या ठेवाल, तेव्हा तो त्या देण्याचा एक छोटासा हप्ता समजावा.