पाठीवरचं ओझं

"अगं, झेपेल का तुला?"

मागच्या वर्षी पेरू देशात ट्रेकला जायचं ठरलं तेव्हा हा प्रश्न मला किमान पन्नास वेळा तरी ऐकावा लागला. सासूबाईंनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, बचत गटातल्या बायकांनी तर कोरसमध्ये विचारला. 'ह्यां'नी तोंडाने विचारला नाही, पण इन्शुरन्सचे कागद मात्र दोनदा वाचून काढले! चूक कुणाचीच नव्हती. सिंहगड चढताना ताक प्यायला दोनदा थांबणारी बाई मी. मलाही मनातून तीच धाकधूक होती.

निमित्त झालं माझ्या मावसबहिणीचं. ती न्यू जर्सीला असते. तिच्या ग्रुपचा 'इंका ट्रेल'चा बेत ठरला आणि तिने मलाही ओढलं. कुस्कोजवळच्या उरुबांबा नदीच्या खोऱ्यातून निघायचं आणि चार दिवस, सुमारे ४२ किलोमीटर डोंगर तुडवत माचू पिचूच्या प्राचीन अवशेषांपाशी पोचायचं. या वाटेवर स्वतःच्या मनाने जाता येत नाही. परवानाधारक गाईड लागतो. दिवसाला फक्त ५०० माणसांना सोडतात आणि त्यांतले साधारण २०० पर्यटक, बाकीचे गाईड, स्वयंपाकी आणि सामान वाहणारे पोर्टर. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. परमिट पासपोर्टवरच्या नावाने निघतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे कित्येक महिने आधी ठरवायचं. मुलांच्या परीक्षा, घरातली लग्नं आणि कामवालीच्या सुट्ट्या सांभाळून आपण बायका परवाचाही बेत पक्का करत नाही. पण पैसे भरले आणि मागे फिरायची वाटच उरली नाही.

कुस्को शहरच मुळी ३,४०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर! तिथे दोन दिवस नुसतं राहायचं, कोकाच्या पानांचा चहा प्यायचा आणि शरीराला विरळ हवेची सवय करायची. हॉटेलचा एक जिना चढले तरी मला धाप लागत होती.

निघायच्या आदल्या रात्री कंपनीच्या माणसाने सगळ्यांना एकेक पिशवी दिली. पोर्टर वाहून नेणार ते सामान त्यात भरायचं. स्लीपिंग बॅग धरून सात किलो, त्याहून जास्त नाही. आता माझी पिशवी बघा. स्वेटर, शाल, थर्मास, औषधांचा डबा. शिवाय बेसनाचे लाडू आणि पातळ पोह्यांचा चिवडा, दोन्ही भरपूर. परदेशात खायचे हाल नकोत म्हणून! काट्याला लावली तर साडेनऊ किलो. मी काही काढायला लागले तर तो माणूस हसून म्हणाला, "नो प्रॉब्लेम." मला काय, बरंच वाटलं. रेल्वेच्या प्रवासात बांधतो तशी खूण म्हणून मी पिशवीला लाल रिबीन बांधली आणि निश्चिंत झोपले.

दुसऱ्या दिवशी 'किलोमीटर ८२' या ठिकाणी चौकी होती. तिथे आपले पासपोर्ट तपासतात आणि पोर्टरांची ओझी वजनकाट्यावर चढवतात. आम्ही आठ जण चालणार, आणि आमच्यासाठी चौदा पोर्टर, एक स्वयंपाकी, दोन गाईड. तंबू, गॅसचे सिलिंडर, भांडी, टेबल-खुर्च्या, चार दिवसांचा शिधा... सगळं माणसांच्या पाठीवर. २००१ साली पेरूत पोर्टरांसाठी कायदा झाला. एका माणसाच्या पाठीवर वीस किलोच्या वर ओझं नको असा नियम आला. बायकांसाठी मर्यादा त्याहून कमी. त्याआधी किती किती ओझी वाहिली जात ते गाईड सांगत होता, ऐकवत नव्हतं. "बरं झालं बाई कायदा झाला," असं मी बहिणीला म्हटलंसुद्धा.

आणि दुपारी जेवायला थांबलो तेव्हा मला माझी लाल रिबीन दिसली.

काट्यावर ती पिशवी गाईडच्या मदतनिसाच्या हातात होती. आता ती एका पोर्टरच्या गठ्ठ्यावर दोरीने आवळली जात होती. वय असेल पंचावन्नच्या पुढे. गालफडं बसलेली, पायात टायरच्या सपाता. चौकी पार झाली होती, तेव्हा वजनाचा प्रश्न मिटला होता! मी गाईडला विचारलं. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "असं चालतं मॅडम."

असं चालतं. मी पंधरा वर्षं घरकाम करणाऱ्या बायकांमध्ये काम करते. हे वाक्य मी किती मालकिणींच्या तोंडून ऐकलंय आणि किती वेळा त्यांच्याशी भांडलेय. आज ते माझ्या लाडवांबद्दल होतं.

मी पिशवी सोडायला लावली. थर्मास, शाल, डबा माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबला आणि लाडू-चिवडा तिथेच सगळ्यांना वाटून टाकला. बहीण वैतागली. "ताई, प्रत्येक ठिकाणी समाजकार्य नको गं!" पण हे समाजकार्य नव्हतं, ही लाज होती. आणि खरं सांगते, त्याने फार काही बदललंही नाही. त्या माणसाचं अडीच किलो ओझं कमी झालं, बाकीचं पाठीवरच होतं.

दुसरा दिवस सगळ्यात कठीण. चढ संपतच नाही. वर ४,२१५ मीटरवर खिंड आहे, तिचं नाव 'वार्मिवान्युस्का'. केचुआ भाषेत वार्मि म्हणजे बाई. 'मेलेल्या बाईची खिंड'! खालून बघितलं की डोंगराची कड उताण्या निजलेल्या बाईसारखी दिसते, म्हणून हे नाव. दहा पावलं टाकायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा दहा पावलं. माझ्या सॅकमधला तो थर्मास एव्हाना वरवंट्याएवढा जड झाला होता. आणि आमच्या बाजूने पोर्टर भराभर वर जात होते. आम्ही पोचायच्या आत त्यांना तंबू ठोकून सूप तयार ठेवायचं असतं ना!

एका वळणावर दुसऱ्या ग्रुपची एक पोर्टर बाई दगडाला गठ्ठा टेकवून उभी होती. पूर्वी हे काम पुरुषांचंच, अलीकडे काही ठिकाणी बायकाही दिसतात. आमच्या गाईडला मध्ये घालून मी बोलले. तिची दोन मुलं सासूपाशी होती, घरची बटाट्याची शेती. आपण उपासाला चवीने खातो तो बटाटा मूळचा याच डोंगरांतला, हे मी तिला सांगायला गेले, पण उपास म्हणजे काय हे समजावताना गाईडचीच दमछाक झाली. मग मी विचारलं, "झेपतं का तुम्हाला?"

विचारलं आणि जीभ चावली. तोच प्रश्न! ती हसली. म्हणाली, घरी पाणी आणि लाकडं वाहतेच की, त्याचे कुणी पैसे देत नाही. इथे देतात.

तिसऱ्या दिवशी मला ती वाट खऱ्या अर्थाने दिसायला लागली. इंकांकडे लोखंडाची हत्यारं नव्हती, घोडे नव्हते, चाकाची गाडी नव्हती. तरी त्यांनी अँडीजच्या डोंगरांतून हजारो किलोमीटर रस्ते बांधले. २०१४ साली युनेस्कोने या रस्त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सायाकमार्का, फुयुपातामार्का, विन्याय वायना... एकेक अवशेष लागत जातात आणि हजारो दगडी पायऱ्या उतरताना गुडघे बोलायला लागतात. या पायऱ्या झिजू नयेत म्हणून काठ्यांच्या टोकांना रबर लावावं लागतं. वाटेवर खेचरांना बंदी आहे ती दगडांना जपण्यासाठीच. योग्यच आहे. पण खेचर नाही म्हणून माणूस आला. दगड झिजू नये याची काळजी घेणारे नियम आणि यंत्रणा चोख होत्या. माणसाची पाठ झिजू नये यासाठी मात्र एक काटा, तोही वाटेच्या सुरुवातीला!

चौथ्या दिवशी पहाटे तीनला उठवलं. अंधारात रांग लावली, फाटक उघडलं आणि सूर्योदयानंतर थोड्या वेळात आम्ही 'इंतिपुंकू', म्हणजे सूर्यदारापाशी पोचलो. खाली नुसतं धुकं. मग ते हळूहळू फाटत गेलं आणि माचू पिचू दिसलं. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, छप्पर नसलेली घरं, दगडाला दगड असा बसवलेला की मध्ये सुरी जाऊ नये. पंधराव्या शतकातलं हे बांधकाम. मला रडू आलं, ते लपवणार नाही. झेपलं होतं!

मागे वळून मी त्या म्हाताऱ्या पोर्टरला शोधलं. तो नव्हता. कुणीच नव्हते. पोर्टर इथवर येत नाहीत. शेवटच्या मुक्कामावरूनच ते तंबू गुंडाळून घाईघाईने खाली उतरतात आणि सकाळची गाडी पकडतात. गाईड म्हणाला, वर्षानुवर्षं ओझी वाहणाऱ्या कितीतरी जणांनी माचू पिचू आतून पाहिलेलंच नाही.

तिथे फिरताना आणखी एक गोष्ट कळली. १९११ साली अमेरिकेच्या हायरम बिंगहॅम यांनी हे 'शोधलं' असं आपण वाचतो. पण त्यांना वाट दाखवली मेल्चोर आर्तेआगा नावाच्या तिथल्या शेतकऱ्याने. वर पोचल्यावर त्यांना शेती करणारी कुटुंबं भेटली आणि त्यांच्यातल्याच एका लहान मुलाने त्यांना अवशेष फिरून दाखवले. पुढे बिंगहॅम यांच्या चमूला जे सांगाडे सापडले ते बहुतेक बायकांचे असल्याचं ठरवलं गेलं आणि ही सूर्यदेवाला वाहिलेल्या कुमारिकांची नगरी अशी कहाणी पसरली. कित्येक वर्षांनी जॉन व्हेरानो या मानवशास्त्रज्ञाने तीच हाडं पुन्हा तपासली, तर बायका आणि पुरुष जवळजवळ सारखेच निघाले! साधी कामकरी माणसं तिथे राहत होती. पण कामकऱ्यांची कहाणी कुणाला हवी? कुमारिकांची जास्त खपते.

परत आल्यावर आम्ही काही जणींनी कंपनीला पत्र लिहिलं. गोड भाषेत उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' ते बदलतील की नाही, मला ठाऊक नाही. पण एक कळतं. त्या माणसाच्या पाठीवर अडीच किलो चढवलं ते कंपनीने आणि मी, दोघांनी मिळून. 'नो प्रॉब्लेम' ऐकून मी बॅगची चेन ओढली होती.

आणि हे दूर पेरूतलंच आहे असंही नाही. पाठीवर आणि डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी आपल्या महाराष्ट्राने १९६९ सालीच माथाडी कायदा केला, पेरूच्या बत्तीस वर्षं आधी. अण्णासाहेब पाटलांसारखी माणसं त्यासाठी झगडली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण तोच महाराष्ट्र केदारनाथला जातो तेव्हा कंडीवाल्याशी, पिठ्ठूवाल्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. घरात मोलकरणीला "जरा एवढं गहू वर ठेव गं" म्हणताना गोणी किती किलोची आहे, हे आपण बघतो का?

मैत्रिणींनो, फिरायला जरूर जा. चाळिशीनंतर तर नक्कीच जा. "झेपेल का?" म्हणणाऱ्यांना हसून सोडून द्या. फक्त पैसे भरण्याआधी कंपनीला चार प्रश्न विचारा. सामान वाहणारा माणूस किती किलो उचलणार? तो रात्री कुठे झोपणार? त्याला जेवण आपल्यासारखंच मिळणार का? त्याला मजुरी किती आणि कधी मिळणार? उत्तर द्यायला जो कां कूं करेल त्याच्याकडे जाऊच नका. गिऱ्हाईक विचारायला लागलं की धंदा बदलतो, हे आपण भाजीवाल्यापासून शिकलोय.

यंदा सासूबाईंना केदारनाथला जायचंय. परवा मी रद्दीवाल्याकडून त्याचा ताणकाटा मागून आणला आणि आमच्या दोघींच्या बॅगा दाराच्या कडीला टांगून मोजल्या. सासूबाई म्हणाल्या, "हे काय नवीन?" मी त्यांना ती लाल रिबिनीची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या बॅगेतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला आणि म्हणाल्या, "हा मी हातात घेते."