वस्तीचं मैदान कुणाच्या मुदतीत हरवतं?

आरक्षण म्हटलं की आपल्याला शिक्षण आणि नोकरी आठवते. शहराच्या विकास आराखड्यातही आरक्षण असतं: शाळा, मैदान, दवाखाना, वाचनालय यांसाठी राखलेली जमीन. तिथे मालकाला घरं बांधता येत नाहीत. म्हणून तो मोबदला मागतो, आणि त्यात गैर काही नाही. मालमत्ता हा मूलभूत हक्क उरला नसला, तरी संविधानाच्या कलम ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही.

खरा दोष पालिकेचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. नुसता ठराव किंवा प्रस्ताव पाठवणं पुरेसं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं.

पालिका गप्प बसते, मालकाची जमीन मोकळी होते. घरात अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुलांचं वाचनालय मात्र कागदावरूनही पुसलं जातं. त्यांना ना सूचना, ना मोबदला.

मित्रांनो, वस्तीलगतची आरक्षणं शोधा. खरेदी सूचना कुठे आली, हे माहिती अधिकारात विचारा. अर्थसंकल्पात भूसंपादनाची तरतूद करा किंवा टीडीआर देऊन जमीन ताब्यात घ्या, असा आग्रह मुदतीआधीच धरा. मुदत संपल्यावर काढलेल्या मोर्चाने मैदान परत येत नाही.