टेपरेकॉर्डर घ्यावा, पण कोणता?

परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "बाई, घरात चांगला अ‍ॅम्प्लिफायर आहे, मोठे स्पीकर आहेत. त्याला जोडायला एखादा जुना, उचलून नेता येईल असा कॅसेट स्टीरिओ घेऊ म्हणतोय. तुम्ही मागे घेतला होतात ना? कोणता घेऊ?"

मला हसू आलं. आयुष्यभर चौथीच्या वर्गाला जोडाक्षरं आणि पाढे शिकवलेली मी, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. यंत्रांतलं मला काय कळणार? पण गेल्या वर्षी सात-आठ महिने मी ह्याच भानगडीत होते हे खरं, आणि त्यातून माझं एक ठाम मत तयार झालं आहे. फोनवर ते धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मत असं, की जुना टेपरेकॉर्डर शोभेसाठी किंवा 'आमच्या काळी' म्हणत उसासे टाकण्यासाठी घेऊ नये. आपल्याला कोणती कॅसेट ऐकायची आहे ते आधी बघावं आणि मग यंत्र शोधावं. बाजारात नेमकं उलट चालतं.

माझी गोष्ट सांगते. १९८५ ते २००१ अशी सतरा वर्षं मी दर मार्चमध्ये चौथीच्या निरोपाच्या दिवशी मुलांचे आवाज टेप करत असे. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि एक कविता म्हणायची. सुरुवातीला पेटीवर प्रार्थना, शेवटी पेटीवर 'वंदे मातरम्'. दर वर्षाची एक साठ मिनिटांची कॅसेट, अशा सतरा कॅसेटी. माझ्याकडचा रेकॉर्डर साधा, एकाच स्पीकरचा, मोठ्या सेलवर चालणारा होता. शाळेत विजेचा भरवसा नव्हता. सेल माझ्या पगारातून यायचे, म्हणून ते पार उतरेपर्यंत वापरायचे. ह्या काटकसरीची किंमत पुढे तेहतीस वर्षांनी कळली.

गेल्या वर्षी गावाकडची एक बाई माझा पत्ता शोधत घरी आली. तिचा मुलगा १९९१ साली माझ्या वर्गात होता. २००४ मध्ये तो मोटारसायकलच्या अपघातात गेला. घरात फोटो आहेत, शाळेचा दाखला आहे, पण आवाज कुठेच नाही. "बाई, तुमी तवा टेप करायचात न्हवं? हाये का ती?"

होती. पण लावायची कशावर? माझा रेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता. मुलानं इंटरनेटवरून हातात मावेल असं एक नवं, स्वस्त यंत्र मागवलं. त्यात कॅसेट घालायची आणि वायर संगणकाला जोडायची. त्या मावशींना ऐकायला कमी येतं, म्हणून ते आमच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या स्पीकरांना जोडलं. मुलांची नावं एकेक करून जाऊ लागली. आवाज जरा हलत होते, जरा चिरकेही वाटत होते. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी तिच्या मुलाचा नंबर आला. नाव तेच होतं. कविता विसरल्यामुळे त्यानं सतराचा पाढा म्हटला होता, हेही मला आठवत होतं.

तिनं मान हलवली. "ह्यो माझा न्हाई, बाई. ह्याचा आवाज लई बारीक हाय."

मी कॅसेटवरचं वर्ष दाखवलं, नाव पुन्हा ऐकवलं. तिला ते पटत होतं, पण कानाला पटत नव्हतं. ती चहा घेऊन निघून गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सतरा वर्षं जपून ठेवलं, आणि जिच्यासाठी जपलं तिलाच ते परकं वाटलं!

मग मी ह्या विषयात शिरले. फिलिप्स कंपनीनं १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट पहिल्यांदा लोकांपुढे आणली. फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद आणि तिचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. तो वेग जगभर एकच ठरला, म्हणून साताऱ्यात टेप केलेली कॅसेट टोकियोतही वाजते. पण हे दोन्हीकडची यंत्रं वेग पाळणारी असतील तरच. यंत्र सहा टक्के वेगानं पळालं की आवाज एक स्वर, म्हणजे पेटीवरची लगतची एक पट्टी, वर चढतो. दहा वर्षांच्या मुलाचा आवाज एक पट्टी चढला तर आईलाही तो ओळखू येत नाही.

स्वस्त नव्या यंत्रांत ही खात्री मिळत नाही. म्हणून जुनं आणि मुळात बऱ्या बांधणीचं यंत्र शोधायचं ठरलं. आता निवडीविषयी.

पहिला मोह चकचकीत, दोन कॅसेटी मावणाऱ्या, दिवे लुकलुकणाऱ्या मोठ्या सेटचा. आखातातून आलेला असा सेट ऐंशीच्या दशकात ज्याच्या घरी, त्याच्या घरी गल्ली जमायची. मीही भुलले. एका विक्रेत्यानं "एकदम चालू आहे" म्हणून दिला आणि मी घरी येऊन उतावीळपणे त्यात १९८८ ची कॅसेट घातली. फीत ओढणारं रबरी चाक वयानं कडक झालं होतं. त्यानं फीत गुंडाळून घेतली, चुरगाळली. चाळीस सेंटिमीटर कापून टाकावी लागली. हिशेब मांडून बघा, साधारण साडेआठ सेकंद होतात. तेवढ्यात एका मुलीचं नाव आणि तिच्या कवितेची सुरुवात गेली. विक्रेत्याला दोष देऊन काय उपयोग? पहिल्यांदा टाकाऊ कॅसेट लावून बघायची अक्कल मला हवी होती.

दुसरा मोह वॉकमनचा. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. आता तो संग्राहकांची वस्तू आहे आणि किंमतही तशीच. त्याच कंपनीचा १९८४ चा डब्ल्यूएम-डी६सी मात्र खरोखर उत्तम. त्याचा वेग क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या आधारानं स्थिर राहतो, हवा तेव्हा कमीजास्तही करता येतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला वेगळी लाइन-आउट आहे. पण त्याची किंमत माझ्या पेन्शनला झेपणारी नाही. साध्या वॉकमनमध्ये सगळं इतकं चिमुकलं, की दुरुस्तीवालाच हात जोडतो.

मी शेवटी घेतला तो एका कॅसेटचा, दोन स्पीकरचा, मागे लाइन-आउट असलेला, अगदी साध्या चेहऱ्याचा जुना जपानी टू-इन-वन. तो का घेतला ते क्रमानं सांगते.

एक, दोन कॅसेटींच्या यंत्रात पट्टे आणि चाकं जास्त, म्हणजे बिघाडही जास्त. आपोआप बाजू बदलणारी यंत्रंही मी टाळली. त्यांच्या हेडचा कोन लवकर बिघडतो आणि मग सगळं रजईखालून ऐकल्यासारखं वाटतं.

दोन, लाइन-आउट. तिथला आवाज ठरावीक पातळीचा असतो, सेटचं बटण फिरवून तो बदलत नाही. ती नसेल तर हेडफोनच्या भोकातूनही जोडता येतं. सेटचा आवाज निम्म्यावर ठेवायचा, अ‍ॅम्प्लिफायरचा शून्यावर, आणि मग अ‍ॅम्प्लिफायर हळूहळू वाढवायचा. हेडफोनच्या पिनेवर दोन काळ्या रेघा हव्यात. एकच असेल तर ती मोनो पिन, एक बाजू मुकी होते. वायरची दुसरी टोकं 'ऑक्स' किंवा 'टेप इन'मध्ये घालावीत. 'फोनो'मध्ये कधीच नाही. ती जागा रेकॉर्डप्लेयरची, तिथे आवाज भलताच मोठा आणि वेडावाकडा येतो. काही युरोपीय सेटांना पाच पिनांचं गोल सॉकेट असतं. त्याची जोडवायर मिळते, त्यासाठी चांगला सेट सोडू नये.

तीन, तो सेलवर चालतो. मोठी टेपडेक घ्या असं पुष्कळांनी सुचवलं. पण दोन उपकरणं विजेच्या दोन ठिकाणी जोडली की पुष्कळदा स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. सेलवर चालणाऱ्या सेटला ती व्याधी नाही. शिवाय तो उचलून कुणाच्याही घरी नेता येतो. (परदेशातून आलेला सेट विजेवर लावणार असाल तर किती व्होल्टचा आहे ते आधी वाचा. जपानमध्ये १०० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०. एका क्षणात होळी.)

चार, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दुरुस्तीवाला. तो आधी शोधावा, सेट मागून. साताऱ्यात मला साठी ओलांडलेले एक कारागीर भेटले. त्यांनी सेट उघडला तर रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. नवा घातला, रबरी चाक बदललं, हेड स्पिरिटनं पुसलं, आणि म्हणाले, "मॅडम, चालू सेट घेऊच नये. आतून बघितलेला सेट घ्यावा." वर्गात फळ्यावर लिहावं असं वाक्य!

हे सगळं करून १९९१ ची कॅसेट लावली. टेप करताना डॉल्बी नव्हतं, म्हणून सेटवरचं डॉल्बीचं बटण बंद ठेवलं. ते चालू राहिलं तर आवाजाची धार जाते. सुरुवातीची प्रार्थना ऐकली. शाळेतली पेटी अजून आहे. तिथे जाऊन पडताळलं, काळी एक, अगदी बरोबर. पण शेवटचं 'वंदे मातरम्' त्याच पेटीवर, त्याच पट्टीत वाजवलेलं असूनही पांढरी दोनला येत होतं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. टेप करता करता माझे सेल उतरले होते! रेकॉर्डर मंद चालला, म्हणून बरोबर वेगाच्या यंत्रावर शेवटचा भाग पळतो. ज्या मुलांची नावं हजेरीत शेवटी, त्यांचे आवाज बारीक झाले. त्या मावशींचा कान बरोबर होता, चूक माझ्या काटकसरीची होती, आणि त्या स्वस्त यंत्रानं तीत भर घातली होती.

कारागिरांनी मोटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात स्क्रूड्रायव्हर घालून, पेटी काळी एकला येईपर्यंत वेग उतरवला. काम झाल्यावर परत जागेवर आणून दिला. मुलानं नंतर दाखवलं, की ही दुरुस्ती संगणकावरही होते. होऊ दे. पण एकसारखा चढलेला आवाज संगणक सहज उतरवतो, यंत्रानं हलवलेला आवाज तसा सहज सावरता येत नाही. म्हणून 'डिजिटल करा आणि कॅसेटी फेका' हे मला मान्य नाही. डिजिटल जरूर करा, मीही सतराच्या सतरा केल्या. पण ती नक्कल त्या दिवशीच्या यंत्राइतकीच चांगली असते. मी घाईनं त्या स्वस्त यंत्रावर नक्कल करून मूळ कॅसेट टाकली असती, तर एका आईला तिचा मुलगा कायमचा परका झाला असता.

सेट पिशवीत घालून मी तिच्याकडे गेले. तिच्या नातवाच्या म्युझिक सिस्टिमला वायर जोडली. पाढा सुरू झाला. सतरा सातेला तो अडखळतो, मागे जातो, पुन्हा येतो. ती स्पीकरजवळ कान नेऊन बसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

पाढा संपल्यावर ती म्हणाली, "सातला आडायचाच त्यो. म्या रातीला घोकून घ्यायची." आणि मग, "परत लावा."

चार वेळा लावला.

तर फोन करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्या, कोणता सेट घ्यायचा ते तुझं तू ठरव. आधी माळ्यावरचा खोका उतरव. कॅसेटींवर पांढरी बुरशी असेल तर त्या लावू नकोस, ती हेडवर आणि पुढच्या कॅसेटींवर जाते. मग त्या खोक्यात कुणाचा आवाज आहे ते बघ. नुसती बाजारातली गाणी असतील तर कोणताही सेट चालेल, ती दुसरीकडेही मिळतात. पण ज्याची दुसरी प्रत जगात नाही असा आवाज असेल, तर दिव्यांकडे आणि चकाकीकडे बघू नकोस. वेग बघ, रबर बघ, दुरुस्तीवाला बघ. आणि पहिल्यांदा टाकाऊ कॅसेट लाव.

१९८८ ची ती मुलगी आता कुठे असते मला माहीत नाही. भेटली तर तिचं नाव पुन्हा टेप करून घेईन म्हणते. सेल नवे घालून.