एकोणतीस अंकी संख्येचा ताळा

रोजमेळ जुळत नसला आणि फरकास नवाने भाग जात असला, तर दोन आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे पेढीवर वाढलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. जैन आगमांतील एका महासंख्येच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. शतकानुशतके हाताने नकलून घेतल्या जाणाऱ्या ग्रंथपरंपरेत एवढी मोठी संख्या शुद्ध कशी राहावी?

अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यसंख्येच्या विवेचनात ही संख्या येते. तिची ओळख तेथे अनेक प्रकारे दिली आहे. ती एकोणतीस स्थानांची आहे. दोनच्या सहाव्या वर्गास पाचव्या वर्गाने गुणले असता ती मिळते. आणि ती ९६ वेळा निम्मी करता येते.

येथे वर्ग म्हणजे वर्गाचाही पुन्हा वर्ग. दोनचा पहिला वर्ग ४, दुसरा १६, तिसरा २५६, चौथा ६५५३६, पाचवा ४२९४९६७२९६ आणि सहावा १८४४६७४४०७३७०९५५१६१६. शेवटच्या दोहोंचा गुणाकार असा :

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

एखादी संख्या जितक्या वेळा निम्मी करता येते, तितके तिचे ‘अर्धच्छेद’. पाचव्या वर्गाचे अर्धच्छेद ३२ आणि सहाव्याचे ६४. गुणाकाराचे अर्धच्छेद त्यांच्या बेरजेइतके, म्हणजे ९६. गुणाकाराचे काम बेरजेवर आणणारा हा नियम वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेत आढळतो. युरोपात नेपियरचा लॉगरिथमचा ग्रंथ १६१४ मध्ये, त्यानंतर कित्येक शतकांनी, प्रसिद्ध झाला. धवलेच्या मुद्रित आवृत्तीचा पहिला खंड १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून निघाला, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय.

आता ताळा पाहू. या संख्येतील अंकांची बेरीज १२७ येते. १, २ व ७ मिळून १०, आणि त्याचे १. दोन सहा वेळा घेऊन गुणल्यास ६४ येतात व नवाने भागून बाकी १ उरते. ९६ म्हणजे सहाची सोळा आवर्तने. म्हणून येथेही बाकी १ च हवी. ताळा जुळला.

परंतु लेखनिकाने आरंभीच्या ७९ ऐवजी ९७ लिहिले असते तर? अंकांची बेरीज तीच राहिली असती आणि नवाच्या ताळ्यास चूक दिसली नसती. अर्धच्छेदास मात्र ती सापडते. ती चुकीची संख्या २८ वेळा निम्मी होते, आणि त्यानंतर विषम संख्या येऊन भागाकार थांबतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ९६ वेळा निम्मी होणारी प्रत्येक संख्या या संख्येच्या पटीतच असली पाहिजे. आणि तिची दुप्पट केली की लगेच तीस अंक होतात. म्हणजे एकोणतीस अंकी आणि ९६ वेळा निम्मी होणारी अशी संख्या एकच आहे. सर्व अंक पुसले गेले, तरी या दोन खुणांवरून ती जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते.

आज हिशेब यंत्र करते आणि पडद्यावरील आकडा पडताळून पाहण्याची सवय घरोघरी सुटत चालली आहे. आगमकारांनी मात्र केवळ संख्येवर भिस्त न ठेवता ती मिळविण्याची रीत आणि ती पारखण्याची कसोटी, दोन्ही सोबत दिली. आकड्याबरोबर त्याचा ताळाही पुढील पिढीच्या हाती देणे, हीच हिशेबाची खरी परंपरा होय.